आंधळा टेट्रा पाळणाऱ्या ग्राहकांसाठी: खाद्य किती द्यावे

आंधळा टेट्रा नेल्यानंतर काही दिवसांतच बहुतेक ग्राहक विचारतात, की मासा दिवसरात्र तळ चाचपत फिरतो, पाण्यात बोट घातले तरी धावून येतो, तेव्हा त्याला खाद्य कमी पडते आहे का. खाद्य कमी पडत नसते, आणि या समजुतीने वाढवलेले खाद्य तळाशी कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, हीच आमच्याकडे येणारी मुख्य तक्रार आहे.

हा मासा मूळचा ईशान्य मेक्सिकोतील सिएरा दे एल आब्रा भागातील गुहांचा. त्याचे डोळस भाऊबंद आजही तेथील नद्यांत आहेत आणि दोघांची संकरित पिल्लेही होतात. गुहेतील अंधारात वनस्पती वाढत नाहीत. पुराबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा हाच तेथील अन्नाचा मुख्य आधार असतो. अशा जागी जो अधिक काळ शोधत राहिला आणि मिळेल तेव्हा भरपूर खाऊन चरबी साठवू शकला, त्याचाच वंश टिकण्याची शक्यता जास्त होती. पिढ्यान्‌पिढ्या झोप कमी होत गेली, थव्याने पोहणे सुटले, आणि पाण्यातील मंद कंपनांकडे, विशेषतः सेकंदाला सुमारे 35 कंपनांच्या हालचालीकडे, झेपावण्याची सवय जडली. आपल्या बोटाकडेही तो त्यामुळेच येतो. काही गुहांतील माशांत भुकेवर नियंत्रण ठेवणारे एक जनुक बदललेले असल्याचे 2015 साली दाखवले गेले. हे सारे आनुवंशिक असल्याने टँकमध्येच जन्मलेला आणि कधीही उपाशी न राहिलेला मासासुद्धा असाच वागतो.

म्हणून मोठ्या माशाला दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. चार दिवस गावी जाणार असाल, तर शेजाऱ्यांवर खाद्य टाकण्याचे काम सोपवू नये. अंगातील चरबीवर तो त्याहून कितीतरी अधिक काळ सहज राहतो.

विक्रीच्या आदल्या दिवशी आम्ही माशांना उपाशी ठेवतो, याबद्दल काही ग्राहक नाराजी व्यक्त करतात. पोट भरलेला मासा पिशवीतील थोडे पाणी विष्ठेने लवकर खराब करतो, त्यामुळे ही पद्धत आम्ही बदलणार नाही. नदीतील मासा तळावर खाताना जवळजवळ उभा होतो, तर हा अंग तिरके ठेवून तळ चाचपतो. त्यामुळे आम्ही त्याच्यासाठी बारीक, बुडणारे दाणेदार खाद्य ठेवतो, तेही लहान पाकिटांत, कारण उघडलेले मोठे पाकीट दमट हवेत लवकर खराब होते. पाण्याबद्दल शंका असल्यास बाटलीभर नमुना दुकानात आणावा. अमोनियाची तपासणी आम्ही विनामूल्य करून देतो.