घोड्यावरून गेलेली पुस्तकं आणि डोंगरातून आलेली पुस्तकं

एक कृष्णधवल फोटो इंटरनेटवर सारखा फिरत असतो. ओढ्याच्या पाण्यात घोडं घातलेली एक बाई, खोगिराला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या थैल्या, थैल्यांत पुस्तकं. खाली बहुतेक वेळा अशा अर्थाची ओळ असते की अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलॅचिया या डोंगराळ भागात लोकांनी आपली भाषा आणि चालीरीती पुस्तकांच्या मदतीने अशा जपल्या. फोटो अस्सल आहे. ओळ मात्र दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती गोष्ट घडली तीस वर्षांनंतर, दुसऱ्या राज्यात.

घोड्यावरची बाई आहे केंटकी राज्याच्या पूर्व भागातली, 1930च्या दशकातली. तिच्या कामाचं नाव 'पॅक हॉर्स लायब्ररी'. भाषा आणि चालीरीती पुस्तकात उतरवण्याचं काम झालं ते जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, 1966 पासून, एका शाळेत. त्याचं नाव 'फॉक्सफायर'. दोन्हींत डोंगर तोच, पुस्तकंही आहेत, गरिबीही आहे, त्यामुळे दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात. पण पहिल्यात छापील मजकूर बाहेरून डोंगरात शिरला आणि दुसऱ्यात डोंगरातलं बोलणं छापून बाहेर पडलं. हा फरक सुटला की दोन्हींचं मोल चुकतं.

आधी घोडेस्वार बायांबद्दल. महामंदीचा काळ. पूर्व केंटकीत कोळशाच्या खाणी थंडावलेल्या, पक्के रस्ते जवळपास नाहीत, वस्त्या अरुंद खोऱ्यांमध्ये विखुरलेल्या. त्या काळात केंटकीच्या 63 काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, ग्रंथालय म्हणून काही नव्हतंच. 1935 मध्ये रूझवेल्ट सरकारने डब्ल्यूपीए ही मोठी रोजगार योजना काढली आणि तिच्यातून या फिरत्या ग्रंथालयांना पैसा मिळाला. कल्पना तशी जुनी होती. 1913 मध्ये पेंट्सव्हिल गावी मे स्टॅफर्ड या बाईंनी जॉन मेयो नावाच्या कोळसासम्राटाच्या पैशावर असंच काम सुरू केलं होतं. पुढच्या वर्षी मेयो वारले आणि ग्रंथालयही संपलं. एका धनिकाच्या मर्जीवर चालणाऱ्या कामाचं जे होतं तेच झालं.

सरकारी योजनेची गंमत अशी की सरकार फक्त पगार देई. महिना 28 डॉलर. घोडं किंवा खेचर बाईने आपलं आणायचं, नसलं तर भाड्याने घ्यायचं. पुस्तकं लोकांनी दान दिलेली, मासिकं जुनी. केंटकीतल्या पालक-शिक्षक संघटनेने पैसा-पैसा गोळा करून भर घातली. आठवड्याला शंभर ते एकशेवीस मैल, म्हणजे एकशेसाठ ते एकशेनव्वद किलोमीटर रपेट. पाऊस, बर्फ, घसरडे कडे. काही ठिकाणी घोडंही जाईना, तिथे पायी.

लोक पहिल्यांदा बिचकले. बाहेरचं माणूस फुकट काही देतंय म्हटलं की संशय यायचाच, आणि त्या लोकांना तसे अनुभवही आले होते. पण या बाया त्याच खोऱ्यांतल्या, ओळखीपाळखीच्या. दारात उभं राहून त्या बायबलमधला उतारा मोठ्याने वाचून दाखवत. तो उतारा घरच्यांना पाठ असायचा, त्यामुळे भरवसा बसायचा. मग मागण्या सुरू झाल्या. रॉबिन्सन क्रूसो हवा, मार्क ट्वेन हवा, मुलांना चित्रांची पुस्तकं हवीत. चित्रांची पुस्तकं मोठ्यांनाही हवी असत, कारण अनेकांना वाचता येत नव्हतं आणि घरातलं शिकलेलं पोर वाचून दाखवू शकत होतं.

इथवर पाहिलं तर यात ॲपलॅचियाची संस्कृती जपण्याचा प्रश्नच येत नाही. रोजगार देणं आणि वाचन पोचवणं, एवढाच हेतू होता. उलट कुणी असंही म्हणेल की क्रूसोचं बेट आणि शहरी बायकांची मासिकं डोंगरात नेऊन तिथल्या जुन्या गोष्टींची जागा त्यांनी अडवली. मला तसं वाटत नाही, आणि कारण आहे कात्रणवह्या.

पुस्तकं कमी, मागणी जास्त. फाटून निकामी झालेली मासिकं टाकवत नव्हती. म्हणून ग्रंथपाल बायांनी त्यांतली पानं कापून वह्यांत चिकटवायला सुरुवात केली. एकीत पाककृती, दुसरीत शिवणकाम, तिसरीत मुलांसाठी चित्रं. या वह्या पुस्तकांसारख्याच घरोघर फिरत. मग वाचणाऱ्या बायकांनी त्यांत आपलं घालायला सुरुवात केली: घरातली पाककृती, आजीकडून आलेला गोधडीचा नमुना. या खोऱ्यातल्या बाईने लिहून दिलेला नमुना डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या बाईच्या हाती पडे. अशा दोनशेहून अधिक वह्या तयार झाल्या. कुणी संशोधक आला नव्हता, कुणी परंपरेचं जतन वगैरे शब्द वापरले नव्हते. 1943 मध्ये डब्ल्यूपीएच बंद झाली आणि घोडी थांबली. मला विचाराल तर त्या सगळ्या योजनेत सर्वांत मोलाची वस्तू या वह्याच होत्या, आणि फोटोखालच्या ओळीत नेमक्या त्याच नसतात.

आता जॉर्जियात. रॅबन गॅप इथली शाळा, 1966. एलियट विगिंटन नावाचा कोवळा शिक्षक नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला आला. वर्ग त्याला दाद देईना. एका पोराने तर त्याचं भाषणाचं उंच मेज पेटवायचा प्रयत्न केला. मेज थोडं काळवंडलं. शेवटी त्याने मुलांनाच विचारलं की आपण एखादं मासिक काढायचं का. मुलं टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा घेऊन आपल्याच आज्या-आजोबांकडे, शेजाऱ्यांकडे गेली. पहिला अंक 1967 मध्ये निघाला. डोंगरातल्या कुजक्या लाकडावर अंधारात निळसर-हिरवट चमकणारी एक बुरशी असते, तिचं नाव, 'फॉक्सफायर', मासिकाला मिळालं.

म्हणजे इथेही मूळ हेतू संस्कृती वाचवण्याचा नव्हता. मुलांनी मन लावून चार ओळी लिहाव्यात, एवढीच शिक्षकाची गरज होती. पण लिहिण्यासाठी मुलांना विषय मिळाला तो असा की जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. ओंडक्यांचं घर कसं उभं करायचं, डुक्कर कसं कापून साफ करायचं, चंद्राची रास बघून काय कधी पेरायचं, सापांबद्दल काय काय मानलं जातं, मंत्राने भाजलेलं कसं उतरवतात, हातभट्टी कशी लावायची. 1972 मध्ये या लेखांचं पहिलं पुस्तक एका मोठ्या प्रकाशकाने काढलं आणि ते देशभर खपलं. पुढे क्रमांकाने बारा खंड आले, लाखो प्रती गेल्या. मानधनातून माउंटन सिटी गावाजवळ जमीन घेऊन जुनी लाकडी घरं तिथे हलवली. आज ते संग्रहालय आहे.

पाककृती आणि सुतारकाम बाजूला ठेवा. या पुस्तकांचा खरा ठेवा म्हणजे बोलणं. मुलांनी टेप ऐकून उतरवून घेतलं ते शक्यतो बोलणाऱ्याच्याच वाक्यांत. आँट ॲरी कार्पेंटर ही म्हातारी एकटी लाकडी घरात राहायची. मुलं पहिल्यांदा तिच्याकडे गेली तेव्हा ती डुकराच्या मुंडक्यातून डोळे काढत बसली होती, आणि शिक्षकालाच मदतीला बसावं लागलं. तिचं बोलणं वाचताना व्याकरण दुरुस्त करायचा मोह कुणाला झाला नाही, हे वाचकाचं भाग्य.

ही बोली म्हटली की एक दंतकथा हमखास येते: डोंगरातली माणसं म्हणे अजून शेक्सपिअरच्या काळचं इंग्रजी बोलतात. ऐकायला छान आहे, टिकणारं नाही. काही जुनी रूपं तिथे उरली आहेत हे खरं. क्रियापदाआधी 'अ' लावून 'अ-हंटिन' म्हणणं, पिशवीला 'पोक' म्हणणं, 'माइट कुड' अशी दोन सहायक क्रियापदं जोडून वापरणं. पण अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉट-आयरिश वसाहतकऱ्यांचा त्या बोलीवर मोठा ठसा आहे, आणि तिथे नवी रूपंही घडत राहिली. वाकड्यातिकड्या बांधलेल्या भिंतीला 'सिगॉगलिन' म्हणतात, ते शेक्सपिअरकडून आलेलं नाही. जोसेफ हॉल यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट स्मोकी पर्वतात लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. राष्ट्रीय उद्यानासाठी कुटुंबं तिथून उठवली जात होती. ती सामग्री आणि आयुष्यभराचं काम घेऊन भाषातज्ज्ञ मायकेल माँटगोमेरी यांनी 2004 मध्ये स्मोकी पर्वतातल्या इंग्रजीचा कोश काढला. फॉक्सफायर आणि हा कोश शेजारी ठेवून वाचावेत. एकात माणूस बोलतो, दुसऱ्यात तो काय बोलला ते कळतं.

फॉक्सफायरचं कौतुक करताना दोन गोष्टी झाकू नयेत. पहिली, 1992 मध्ये विगिंटन यांनी अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा कबूल केला आणि त्यांचा फॉक्सफायरशी संबंध संपला. मासिक थांबलं नाही, रॅबन काउंटीतल्या शाळकरी मुलांनी ते पुढे चालवलं. ते आरंभापासून मुलांच्याच हातचं होतं हे त्यावरून सिद्ध झालं असं मी समजतो. दुसरी गोष्ट वाचकांबद्दल. 1972 मध्ये हे पुस्तक ज्यांनी हौसेने घेतलं त्यांत शहर सोडून शेतीकडे वळू पाहणारी तरुण मंडळी पुष्कळ होती. त्यांना कुऱ्हाड, चरखा आणि ओंडक्यांचं घर हवं होतं. खाणकामगार, त्यांच्या संघटना, फुप्फुसात साठणारी कोळशाची धूळ हे त्या चित्रात मावत नव्हतं. काळे ॲपलॅचियन तर जवळपास अदृश्यच. 1991 मध्ये केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी 'आफ्रिकन' आणि 'ॲपलॅचियन' जोडून 'ॲफ्रिलॅचियन' हा शब्द घडवला तो याच अदृश्यतेला वैतागून. पॅक हॉर्सच्या बाबतीत ही तक्रार करता येत नाही, कारण ॲपलॅचिया कसा आहे हे जगाला दाखवण्याचा तिने दावाच केला नव्हता.

दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आलेल्या पाहायच्या असतील तर जेम्स स्टिल. अलाबामात जन्म, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या हिंडमन सेटलमेंट स्कूलमध्ये ग्रंथपाल. हा माणूस खोक्यात पुस्तकं भरून, खोकं खांद्यावर टाकून, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांकडे पायी जायचा. घोडंसुद्धा नाही. नंतर तो एका ओढ्याकाठच्या लाकडी घरात राहायला गेला, 1940 मध्ये त्याची खाणकामगार कुटुंबावरची कादंबरी आली, आणि वर्षानुवर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडची वाक्यं तो वह्यांत टिपत राहिला. त्या वह्यांचंही पुढे पुस्तक झालं. पुस्तक आत नेणारा आणि बोलणं बाहेर आणणारा एकच. स्टिलचं नाव मात्र फोटोखाली कधी दिसत नाही. तो पाठमोरा खोकं घेऊन चाललेला कुणी टिपला असता तर कदाचित दिसलं असतं.

पॅक हॉर्सची आजची वारसदार शोधायची तर टेनेसीकडे बघावं लागतं. गायिका डॉली पार्टन यांनी 1995 मध्ये आपल्या सेव्हियर काउंटीतल्या लहान मुलांना जन्मापासून पाच वर्षांपर्यंत दरमहा एक पुस्तक टपालाने पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आता ती योजना अनेक देशांत चालते. हे काम वाचनाचं आहे, पुस्तक घरात पोचवण्याचं. तिला 'ॲपलॅचियन परंपरेचं जतन' म्हणणं म्हणजे पुन्हा तीच गल्लत.

ही गल्लत नुसती शब्दांची नाही, हे जुलै 2022 मध्ये कळलं. पूर्व केंटकीत महापूर आला. हिंडमन शाळेतला दस्तऐवजांचा संग्रह भिजला. व्हाइट्सबर्ग गावातली ॲपलशॉप ही संस्था 1969 पासून तिथल्या लोकांचे चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं जमवत होती. तिच्या संग्रहातही पाणी शिरलं. भिजलेले कागद आणि फिती गोठवून, सुकवून वाचवायचं काम पुढे कितीतरी काळ चाललं. फॉक्सफायरच्या छापील खंडांना अशा पुराची भीती नाही, त्यांच्या प्रती जगभरच्या कपाटांत आहेत. कात्रणवही मात्र हाताने केलेली, एकेकच. ती हातोहात फिरून झिजायची, आणि झिजण्यासाठीच केलेली होती. केंटकी विद्यापीठाच्या गुडमन-पॅक्स्टन छायाचित्रसंग्रहात घोडेस्वार बायांचे पुष्कळ फोटो जपलेले आहेत. पुढच्या वेळी त्यांतला एखादा तुमच्यापर्यंत आला तर घोड्याकडे नंतर बघा. आधी थैलीत जाडजूड, फुगलेली, कडा वर आलेली एखादी वही दिसते का ते बघा.