प्रतिसादकाळाचे मोजमाप: पिंगपासून आयपी एसएलएपर्यंत

इंदूरच्या मुख्य कार्यालयातून उज्जैनच्या शाखेला जाणारी लिंक चालू आहे पण मंद आहे, अशी तक्रार आली की आजही पहिल्यांदा पिंगच, म्हणजे पलीकडे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारे साधन, चालवून पाहिले जाते. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या 1981 च्या आरएफसी 792 या दस्तऐवजातील इको (आला तसा परत पाठवला जाणारा) संदेशाच्या आधारे माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये हे साधन लिहिले आणि पाणबुड्यांतील ‘सोनार’ या ध्वनिशोधक यंत्रणेच्या आवाजावरून त्याला नाव दिले. मात्र पिंग माणसाने चालवावे लागते, आणि तक्रार पोहोचेपर्यंत लिंक बहुधा पूर्ववत झालेली असते.

राउटर बनवणाऱ्या सिस्कोने आयओएस या आपल्या राउटरच्या कार्यप्रणालीच्या 11.2 आवृत्तीत ‘रिस्पॉन्स टाइम रिपोर्टर’ (आरटीआर) आणून हे काम राउटरच्याच घड्याळावर सोपवले. आयबीएम मेनफ्रेमचा तो काळ असल्यामुळे आयपीबरोबरच एसएनए या आयबीएमच्या नेटवर्क पद्धतीचा प्रतिसादकाळही त्यातून मोजता येई. पुढे त्याचे नाव ‘सर्व्हिस अशुरन्स एजंट’ आणि नंतर ‘आयपी एसएलए’ झाले. नावासोबत आज्ञाही बदलल्या, त्यामुळे ‘आरटीआर’ने सुरू होणारी जुनी टिपणे नव्या राउटरवर जशीच्या तशी चालत नाहीत.

टिकून राहिली ती दोन टप्प्यांची रीत: आधी प्रोबची, म्हणजे राउटरने आपोआप करायच्या मोजणीची, व्याख्या करायची, मग त्याचे वेळापत्रक लावायचे. एकदा वेळापत्रक लागले की व्याख्येत बदल करता येत नाही. प्रोब काढून पुन्हा लिहावा लागतो. त्याहून फसवी गोष्ट आयुष्यमर्यादेची आहे. काहीच न सांगितल्यास प्रोब दर 60 सेकंदांनी मोजतो, पण 3600 सेकंदांनंतर मुकाट्याने थांबतो. कायम मोजमाप हवे असेल तर आयुष्य ‘फॉरेव्हर’ असे स्पष्ट लिहावे लागते. तात्पुरत्या तपासणीला शोभणारी ही मर्यादा कायमच्या देखरेखीत मात्र गैरसोयीचीच आहे, असे माझे मत आहे. अनेक शाखांचे प्रोब एकाच क्षणी सुटू नयेत म्हणून पुढे गटवार वेळापत्रकाचीही सोय झाली.

आकड्यांचा अर्थ लावतानाही सावध राहावे लागते. इंदूर ते उज्जैन अंतर सुमारे 55 किलोमीटर, आणि फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सरळ मार्गाने जाऊन येण्यास जेमतेम अर्धा मिलिसेकंद पुरतो. उरलेला वेळ वळणाच्या मार्गात, रांगेत किंवा पलीकडच्या राउटरच्या दिरंगाईत जातो. यातली दिरंगाई वजा करता यावी यासाठीच पलीकडे ‘रिस्पॉन्डर’ ठेवण्याची पद्धत आली. तो यूडीपी या संदेशवहनाच्या प्रोटोकॉलच्या पोर्ट 1967 वर नियंत्रण संदेश ऐकतो आणि मोजणीचे पॅकेट आले-गेल्याची वेळ त्यावर नोंदवतो. एकतर्फी विलंब हवा असेल, तर दोन्ही टोकांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने आधी जुळवून घ्यावी लागतात.