अमेरिकन सेमिनरीतून ईश्वरविज्ञानाची ऑनलाइन पदवी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नोकरी आणि घर सांभाळून ईश्वरविज्ञान शिकता येईल का, असं संडे स्कूलचे शिक्षक विचारतात, प्रार्थनागट चालवणाऱ्या बहिणी विचारतात, निवृत्तीला आलेले वडीलधारेही विचारतात. येतं. अमेरिकेतल्या अनेक सेमिनरी, म्हणजे ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्था, घरबसल्या पूर्ण करता येणारे अभ्यासक्रम देतात आणि वयाची अट सहसा नसते. मात्र तिथे ज्याला ‘ग्रॅज्युएट डिग्री’ म्हणतात ती आपल्याकडची पदव्युत्तर पदवी. त्यामुळे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी कुठली तरी पदवी आधी हातात हवी. विषय कोणताही चालतो.

फॉर्म उघडण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावा: ही पदवी तुम्ही पुढे कुणापुढे ठेवणार आहात? पाळकपदाची दीक्षा घ्यायची असेल, तर पहिला फोन बिशप कार्यालयाला किंवा तुमच्या संप्रदायाच्या कार्यालयाला करा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांमध्ये सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हा रुळलेला मार्ग आहे. सेरामपूर कॉलेज १८१८ साली विल्यम कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलं. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे कॅरी ते हेच. कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश राजसनदेने मिळाला. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी या सिनेटशी संलग्न आहे. कॅथलिक तरुणांना धर्मगुरू व्हायचं असेल, तर सेमिनरीत राहून घेतलेल्या प्रशिक्षणाला पर्याय नाही; तिथे ऑनलाइन पदवी कामाची नाही.

सरकारी नोकरी किंवा विद्यापीठातली प्राध्यापकी मनात असेल, तर आणखी सावध राहा. परदेशी पदवीला समकक्षता देण्याचे यूजीसीचे २०२५ चे नियम प्रत्यक्ष वर्गात बसून केलेल्या शिक्षणासाठी आहेत. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी त्यात बसत नाही. मंडळीत शिकवणं, लेखन, भाषांतर, समुपदेशनाची सेवा यांसाठी आणि स्वतःच्या अभ्यासासाठी मात्र हे शिक्षण मोलाचं आहे, हे मी मनापासून सांगतो.

संस्था निवडताना मान्यता तपासायलाच हवी. अमेरिका आणि कॅनडातल्या ईश्वरविज्ञानाच्या संस्थांसाठी असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, म्हणजे एटीएस, ही मुख्य मान्यता. तिच्या संकेतस्थळावर सदस्य संस्थांची यादी असते. शिवाय अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आणि सीएचईएच्या (उच्च शिक्षणातल्या मान्यतांवर देखरेख करणारी तिथली परिषद) यादीतही नाव शोधा. नुसतं ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ लिहिलेल्या आणि काही आठवड्यांत डॉक्टरेट देऊ करणाऱ्या जाहिराती आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

एटीएसच्या निकषांप्रमाणे एम.ए.ला किमान ३६ श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि एम.डिव्ह.ला (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) किमान ७२. एम.डिव्ह. मुख्यतः पाळकीय सेवेसाठी असते. तीन श्रेयांकांचा एक विषय धरला, तर एम.ए. म्हणजे बारा विषय. अमेरिकन हिशेबाने एका श्रेयांकामागे साधारण ४५ तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एका विषयाला सुमारे १३५ तास. नोकरी करणाऱ्याने एका सत्रात एकच विषय घ्यावा, असं माझं मत. वर्षाला तीन विषय झाले तरी चार वर्षांत पदवी होते. पदवी पूर्ण करण्याची मुदत किती वर्षांची आहे, ते आधीच विचारून ठेवा.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त वेळ ट्रान्स्क्रिप्ट खातं, म्हणून अर्जाच्या निदान तीन महिने आधी त्याच्या मागे लागा. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट नव्हे. विद्यापीठाने दिलेला, सर्व वर्षांचे विषय आणि गुण असलेला तो अधिकृत उतारा असतो, आणि तो बहुधा विद्यापीठाकडून थेट सेमिनरीला किंवा मूल्यांकन संस्थेला जावा लागतो. आपली तीन वर्षांची पदवी काही संस्था थेट स्वीकारतात. काही डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतात. त्याचं शुल्क वेगळं. प्रवेश कार्यालयाला ईमेल करून उत्तर लेखी घ्या.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवा आणि अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस लागते. दोन्हींचे गुण दोन वर्षंच ग्राह्य असतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर काही ठिकाणी सूट मिळते. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बहुतेक सेमिनरी मागत नाहीत. शिफारसपत्रं दोन-तीन लागतात, त्यांतलं एक पाळकांचं. नातेवाइकांचं चालत नाही. पाळक तुमचे काकाच असतील, तर मंडळीतल्या दुसऱ्या ज्येष्ठांना विनंती करा. पत्राची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर जाते. आपल्या ज्येष्ठ पाळकांना ती उघडून देण्यासाठी शेजारी बसावं लागलं तरी बसा, मजकूर मात्र त्यांनाच लिहू द्या.

विश्वासाच्या वाटचालीवरचा निबंध हा अर्जाचा आत्मा. इथे पाठ केलेल्या साक्षीची भाषा नको. तुमच्या गावातली मंडळी कशी आहे, तुम्ही नेमकं काय करता, कोणत्या प्रश्नावर अडलात, हे साधेपणाने लिहा. पंडिता रमाबाईंना मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकण्याची निकड वाटली, तशी तुमची निकड कोणती, ते त्या पानावर दिसू द्या.

पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण काही अभ्यासक्रमांत एक-दोन आठवडे तिथे जाऊन शिकण्याची अट असते, ती बारीक अक्षरांत शोधा. फी प्रति श्रेयांक डॉलरमध्ये असते. परदेशात राहून ऑनलाइन शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते का, हे अर्ज करतानाच विचारा.

वर्ग ठरावीक वेळी थेट भरतात की ध्वनिचित्रफिती सवडीने पाहायच्या, हेही नोंदणीआधी पाहा. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सातचा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला सुरू होतो.