किटोची खाज म्हणजे 'विष बाहेर पडणं' नव्हे

किटो डाएट (अगदी कमी कर्बोदकांचा आहार) सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर, मानेवर लालसर, खाजरे पुरळ उठले की हमखास सल्ला मिळतो: 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, सहन कर.' हे साफ चूक आहे. घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. त्वचेवर असं काही चाललेलं नसतं.

हा प्रुरायगो पिगमेंटोसा नावाचा त्वचारोग असू शकतो. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाजी नागाशिमा यांनी १९७१ मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणून 'हा फक्त जपान्यांचा रोग' असंही पसरलं. पण तो इतर देशांतही आढळतो, बहुधा तरुण मुलींमध्ये. कर्बोदकं तोडली, कडक उपास केले किंवा मधुमेह बिघडला की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात, आणि बऱ्याच रुग्णांत पुरळ त्यानंतरच उठतं. नेमकी साखळी मात्र उलगडलेली नाही.

आपल्याकडे लोक गजकर्ण समजून दुकानातलं मलम चोपडतात. उपयोग शून्य. स्टेरॉइड मलमही फारसं चालत नाही. भात-पोळी पुन्हा सुरू केल्यावर अनेकांचं पुरळ ओसरतं. नाहीतर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन ही प्रतिजैविकं देतात. जंतू मारायला नव्हे, दाह शमवायला. मागे राहिलेले जाळीदार तपकिरी डाग मात्र महिनोन्‌महिने हटत नाहीत.