स्तन काखेपर्यंत असतो

आंघोळ करताना काखेशी काहीतरी हाताला लागलं, की बाईचा पहिला अंदाज ठरलेला : काखमांजरी असेल, नाहीतर अवधाण. बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. पण ती गाठ स्तनाचीच असू शकते, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या डोक्यातला स्तन गोल असतो, शरीरातला तसा नसतो.

साधारण दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत तो छातीच्या स्नायूंवर टेकलेला असतो आणि वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून त्याचं एक टोक काखेत शिरतं. स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स स्पेन्स यांच्यावरून त्याला ‘स्पेन्सची शेपटी’ म्हणतात. पाळीच्या आधी किंवा गरोदरपणात काहींना काखेशी फुगल्यासारखं वाटतं, ते पुष्कळदा हिच्यामुळेच. स्तनाच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या गाठी या वरच्या बाहेरच्या भागात सापडतात, कारण ग्रंथींचा ऐवजही तिथेच सर्वांत जास्त असतो.

आत 15 ते 20 खंड असतात. त्यांच्या दूधनलिका सायकलच्या आऱ्यांसारख्या बोंडाकडे येतात. बाळंतिणीच्या स्तनात पू झाला आणि चीर द्यायची वेळ आली, तर ती आऱ्यांच्या दिशेनेच द्यावी, अशी शल्यचिकित्सेतली जुनी शिकवण आहे. आडवी चीर अनेक नलिका कापते.

या सगळ्याला त्वचेशी बांधून ठेवणारे तंतू ॲस्टली कूपर यांच्या नावाने ओळखले जातात. गाठीने हे तंतू आखडले की वरची कातडी आत ओढली जाऊन खळी पडते. हात खाली असताना ती दिसेलच असं नाही. आरशासमोर दोन्ही हात वर केले की उठून दिसते. दुखत मात्र बहुधा काहीच नसतं, आणि घात तिथेच होतो. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं.

स्तनातल्या लसीकेचा, म्हणजे ऊतींमधून झिरपणाऱ्या पातळ द्रवाचा, तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काखेतल्या लसीकागाठींकडे वाहतो. या गाठी मुळातच शरीरात असतात, पण कर्करोगही याच वाटेने पसरतो. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेत काखेतल्या या गाठी सरसकट काढून टाकत. मग हात सुजायचा, दंडाची आतली बाजू बधिर व्हायची. आता निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून तो आधी कुठल्या गाठीत पोचतो ते पाहतात. तिथे कर्करोग नसेल, तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

साध्या हाताच्या तपासणीने काय साधतं, हे मुंबईत टाटा मेमोरियलने वीस वर्षं तपासलं. दीड लाखांहून अधिक बायका त्या अभ्यासात होत्या. प्रशिक्षित कार्यकर्त्या त्यातल्या निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष आले : रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.