लंडन–एडिंबरा रस्ता : खर्च कोणी करायचा?

३० ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी अर्थसंकल्प मांडला आणि नॉर्थम्बरलंडमधल्या एका रस्त्याच्या कामावर फुली पडली. मॉर्पेथ ते एलिंगहॅम, सगळं मिळून १३ मैल. आधीच्या सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात चौपदरीकरणाला मंजुरी दिली होती. नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून काम रद्द केलं. रस्ता आडवळणाचा असता तर फारसं कोणी बोललंही नसतं. पण हा 'ए१', देशातला पहिल्या क्रमांकाचा रस्ता. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलच्या शेजारून निघतो आणि ४१० मैलांवर (सुमारे ६६० किलोमीटर) एडिंबराला पोचतो. क्रमांक मिळालेल्या रस्त्यांत याहून लांब रस्ता ब्रिटनमध्ये नाही.

या रस्त्याचा इतिहास रोमन लोकांपासून सांगायची पद्धत आहे. लंडनहून लिंकन आणि यॉर्कला जाणारा 'अर्मिन स्ट्रीट' आणि यॉर्कच्या पुढे उत्तरेला जाणारा 'डीअर स्ट्रीट' हे त्यांचे रस्ते, आणि आजचा ए१ बऱ्याच ठिकाणी त्यांच्या अंगावरून किंवा शेजारून जातो. मात्र आजचं दुखणं समजून घ्यायला इतकं मागे जायची गरज नाही. रस्ता वापरणार कोण आणि त्याचे पैसे भरणार कोण, हा वाद सोळाव्या शतकापासून नोंदलेला आहे.

१५५५च्या कायद्याने रस्त्यांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर टाकली. गावकऱ्यांनी वर्षातले चार दिवस (१५६३पासून सहा) आपल्या हद्दीतल्या रस्त्यावर फुकट राबायचं. आपल्या भाषेत वेठ. बैलगाडीवाटेपुरतं हे ठीक होतं. पण हर्टफर्डशरमधल्या वेअरच्या बाजारात दर आठवड्याला बार्ली आणि माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) जड गाड्या यायच्या. तिथून तो माल लंडनच्या दारूभट्ट्यांकडे जायचा. त्या गाड्यांची चाकं रस्ता उखणून काढायची. माल एका गावाचा, नफा दुसऱ्याचा आणि खड्डे बुजवायचे मात्र वाटेतल्या तिसऱ्याने.

त्यातून १६६३ साली इंग्लंडमधला पहिला टोलचा कायदा झाला, आणि तो लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या याच वाटेसाठी. तीन परगण्यांत तीन नाके ठरले : वेड्समिल, कॅक्स्टन आणि स्टिल्टन. घोड्याला एक पेनी, बग्गीला सहा पेन्स, मालाच्या मोठ्या गाडीला एक शिलिंग. स्टिल्टनकरांनी एवढा विरोध केला की तिथला नाका उभाच राहिला नाही. कॅक्स्टनचा नाका लोक बाजूच्या वाटेने चुकवायचे. वसुली झाली ती वेड्समिलला. टोल चुकवण्याचा इतिहास टोलइतकाच जुना आहे, हे इथे कागदोपत्री सापडतं.

अठराव्या शतकात ही पद्धत फोफावली. स्थानिक जमीनदार-व्यापाऱ्यांचे ट्रस्ट संसदेकडून कायदा मंजूर करून घ्यायचे, कर्ज काढायचे, नाके बांधायचे आणि आपापला तुकडा सुधारायचे. लंडन–एडिंबरा असा सलग रस्ता कोणीच बांधला नाही. एका ट्रस्टची हद्द संपली की खडी संपायची आणि चिखल सुरू व्हायचा.

याच काळात यॉर्कशरमध्ये जॉन मेटकाफ नावाचा ठेकेदार होऊन गेला. लोक त्याला 'ब्लाइंड जॅक' म्हणायचे, कारण वयाच्या सहाव्या वर्षी देवी येऊन त्याचे दोन्ही डोळे गेले होते. हा माणूस हातात लांब काठी घेऊन एकटा माळावर फिरायचा, पायाने आणि काठीने जमिनीचा कस पाहायचा आणि मग कामाची बोली लावायचा. १७६५ साली त्याला पहिलं काम मिळालं ते हॅरोगेट आणि बरोब्रिज यांच्यामधल्या तीन मैलांचं. बरोब्रिज हे उत्तरेच्या महामार्गावरचं मुक्कामाचं गाव. दलदल आली की तो झुडपांच्या जुड्या आडव्या-उभ्या अंथरून त्यावर दगड आणि मुरूम टाकायचा. पुढे त्याने उत्तर इंग्लंडात सुमारे १८० मैल रस्ते केले. त्याच्यानंतरच्या पिढीत जॉन मॅकॅडमने एका आकाराच्या फोडलेल्या खडीचे थर द्यायची रीत रूढ केली. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात खडीकरणासाठी 'डब्ल्यूबीएम' लिहितात, त्यातला 'एम' हाच मॅकॅडम.

रस्ता सुधारल्याचा फरक गाडीच्या वेळापत्रकात दिसतो. १७५४मध्ये लंडनहून एडिंबराला घोडागाडीने उन्हाळ्यात दहा, हिवाळ्यात बारा दिवस लागत. १७८६ला टपालगाडी सुरू झाली ती ६० तासांची. १८३०च्या दशकात वेळ ४५ तासांच्या आसपास आला. गंमत अशी, की सर्वांत वेगाने धावणाऱ्या या सरकारी टपालगाडीला टोल माफ होता. गार्ड लांबूनच भोंगा वाजवायचा आणि नाकेदाराने धावत येऊन फाटक उघडायचं. ट्रस्टवाले कुरकुरत राहिले. १८१३ साली स्कॉटलंडमध्ये ही माफी रद्द झाली, इंग्लंडमध्ये चालूच राहिली. म्हणजे एकाच गाडीला सीमेच्या अलीकडे रस्ता फुकट आणि पलीकडे पैसे!

वाटेवरची गावं या रहदारीवर पोसली गेली. स्टॅम्फर्डच्या 'जॉर्ज' सराईत अजूनही समोरासमोरच्या दोन खोल्यांवर 'लंडन' आणि 'यॉर्क' अशा पाट्या आहेत : कुठल्या दिशेच्या गाडीची वाट पाहताय, त्याप्रमाणे बसायचं. सराईची पाटी तर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कमानीसारखी आडवी आहे. आणि ते टोलविरोधी स्टिल्टन! तिथल्या 'बेल' सराईच्या कूपर थॉर्नहिलने प्रवाशांना निळ्या शिरांचं चीज विकायला सुरुवात केली आणि चीजला गावाचं नाव पडलं. आज नियमाप्रमाणे स्टिल्टन चीज फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशरमध्येच बनवता येतं. स्टिल्टन गाव केंब्रिजशरमध्ये आहे, त्यामुळे तिथे बनलेल्या चीजला स्टिल्टन म्हणता येत नाही. नाव फक्त रस्त्याने दिलं होतं.

१८२०च्या दशकात थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने या मार्गाची नव्याने मोजणी केली. यॉर्कच्या दक्षिणेला शंभर मैल नाकासमोर सरळ रस्ता, अशी त्याची आखणी होती. मला या रस्त्याच्या इतिहासात सर्वांत हुरहूर लावणारा कागद हाच वाटतो. रेल्वे आली आणि तो कागदच राहिला. १८५२मध्ये किंग्ज क्रॉस स्टेशन उघडलं, सराया ओस पडल्या, ट्रस्ट कर्जात बुडाले आणि १८९५पर्यंत देशातला शेवटचा ट्रस्टही गुंडाळला गेला.

मोटारी आल्यावर खर्चाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९१९ला वाहतूक मंत्रालय स्थापन झालं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांना क्रमांक दिले गेले : लंडनहून निघणाऱ्या सहा मुख्य रस्त्यांना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक ते सहा. उत्तरेच्या रस्त्याला 'एक' मिळाला. १९३६च्या कायद्याने असे तीस मुख्य मार्ग काउंटीकडून (परगण्यांकडून) काढून थेट सरकारच्या ताब्यात घेतले.

त्यानंतरची गोष्ट बायपासची. स्टॅम्फर्ड १९६०, डॉनकॅस्टर १९६१, स्टीव्हनेज १९६२, डार्लिंग्टन १९६५. ज्या गावांना रस्त्याने जगवलं, ती आता ट्रकच्या धुराने गुदमरत होती, त्यामुळे रस्त्यालाच गावाबाहेर काढलं. ज्या तुकड्यांना मोटरवेचा, म्हणजे द्रुतगती मार्गाचा, दर्जा मिळाला त्यांना 'ए१(एम)' म्हणू लागले. पण १९५९ला लंडनच्या बाजूने 'एम१' हा नवा मोटरवे सुरू झाला होता आणि उत्तरेकडे जाणारा मुख्य ओघ व पैसा तिकडे वळला. ए१च्या वाट्याला तुकडे आले. म्हणून आजही मोटरवेवरून सुसाट आलेली गाडी पुढे एखाद्या गोल चौकात अडते, आणि गावरस्त्यांची तोंडं थेट महामार्गावर उघडतात.

यॉर्कशरमधला लीमिंग ते बार्टन हा तुकडा २०१८मध्ये पुरा झाला. त्याला उशीर होण्याचं एक कारण जमिनीखाली होतं : स्कॉच कॉर्नरजवळ खोदताना रोमन काळातली मोठी वसाहत लागली. त्यात टोगा (रोमन अंगवस्त्र) घातलेल्या नटाची अंबरमध्ये, म्हणजे दगडासारख्या झालेल्या झाडाच्या राळेत, कोरलेली इवलीशी मूर्ती मिळाली. या तुकड्यानंतर लंडन ते न्यूकॅसल सलग मोटरवे झाला. अर्थात दक्षिणेकडचा भाग एम१चा धरून.

न्यूकॅसलच्या आधी गेट्सहेडला, रस्त्याच्या कडेला, १९९८मध्ये उभारलेला 'एंजल ऑफ द नॉर्थ' हा २० मीटर उंचीचा पोलादी पुतळा पंख पसरून उभा आहे. पुढे तासाभरात मॉर्पेथ मागे पडतं आणि रस्त्याच्या मधला दुभाजक नाहीसा होतो. एडिंबराकडे निघालेले ट्रक तिथे ट्रॅक्टरच्या मागे रांग लावतात.