‘ऐच्छिक’ शब्दाचा घोळ आणि मानेतल्या गाठी

जिभेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाइकांपुढे संमतीपत्र येते. जिभेवरचा चट्टा काढणार, हे त्यांना एव्हाना समजलेले असते. खालच्या ओळीत मान असते आणि मराठी तर्जुम्यात तिथे ‘ऐच्छिक’ हा शब्द पडलेला सापडतो. मग साहजिकच कुणीतरी म्हणते, “ऐच्छिक आहे ना, मग मानेला कशाला हात लावायचा? जिभेचे तेवढे उरका.” यात त्या माणसाची चूक काहीच नाही. शाळेत ऐच्छिक विषय म्हणजे घेतला तर घेतला, नाही तर नाही, असेच आपण शिकलो.

मूळ शब्द ‘इलेक्टिव्ह’. शल्यचिकित्सेत त्याचा नेहमीचा अर्थ ‘तातडीची नाही, तारीख ठरवून केलेली’ असा. हर्निया, मोतीबिंदू वगैरे इलेक्टिव्ह. मानेच्या संदर्भात मात्र तो तिसऱ्याच अर्थाने रुळला आहे. बोटांना गाठ लागत नाही, सोनोग्राफीतही काही ठळक दिसत नाही, तरी आत कॅन्सरच्या पेशी पोचल्या असतील या हिशेबाने मानेतल्या लसीका ग्रंथी, म्हणजे इंग्रजीतले लिम्फ नोड, काढून टाकणे. याच्या समोरचा शब्द ‘थेराप्युटिक’, म्हणजे गाठ वर आल्यावर मान उघडणे. याचे ‘उपचारात्मक’ असे भाषांतर केले की पहिली शस्त्रक्रिया जणू उपचारच नव्हे, असा भास होतो. ‘प्रतिबंधक’ हाही शब्द काही ठिकाणी दिसतो. तोही फसवा. पेशी पोचल्या असतील तर त्या पोचल्याच आहेत, प्रतिबंध कशाचा करणार? या टिपणात मी सरळ ‘आगाऊ’ आणि ‘मागाहून’ असे शब्द वापरतो. आगाऊचा दुसरा अर्थ मनात आला तरी हरकत नाही. कित्येक वर्षे अर्ध्या शल्यविशारदांचे दुसऱ्या अर्ध्यांबद्दल तेच मत होते.

‘गाठ’ या शब्दाचेही तसेच. कॅन्सरची ती गाठ आणि लसीका ग्रंथी तीही गाठ. अहवालात ‘२४ पैकी २’ असे आले की घरी २४ कॅन्सर झाल्याची रडारड होते. प्रत्यक्षात २२ ग्रंथी निर्दोष असतात. मराठीने या ग्रंथींना पूर्वीपासून रोगाच्याच नावाने ओळखले. मानेत फुगल्या तर गंडमाळा, आणि १८९६–९७च्या प्लेगला तर वर्तमानपत्रांनी ग्रंथिक सन्निपात हेच नाव दिले. निरोगी माणसाच्या मानेतही शेकडो ग्रंथी असतात, हे सांगणारा रोजचा शब्द आपल्याकडे नाही.

जुना इतिहास दोन तारखांत आटोपतो. १८९४ साली बाल्टिमोरच्या एका शल्यविशारदाने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकसंध काढण्याची पद्धत मांडली. १९०६ साली क्लीव्हलंडच्या दुसऱ्या एकाने मानेच्या १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. दोघांची धारणा एकच होती. कॅन्सर पायरी पायरीने चालतो, ग्रंथी हे त्याचे पहिले ठाणे, आणि ते ठाणे वेळेत उचलले की रोगी वाचतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये मानेच्या शस्त्रक्रियेचा साचा पक्का झाला. जबड्यापासून गळपट्टीच्या हाडापर्यंतची चरबी आणि ग्रंथी, तिरका मोठा स्नायू, मोठी नीला आणि खांदा उचलणारी अकरावी नस, सगळे जायचे. रोगी जगला तरी त्या बाजूचा खांदा कायमचा लोंबायचा. बाईला अंबाडा घालता येत नसे, पुरुषाचा हात लोकलच्या कडीपर्यंत पोचत नसे. १९६०च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका शल्यविशारदाने स्नायू, नीला आणि नस राखून ग्रंथींची चरबी आवरणासकट सोलून काढता येते, हे दाखवले. तेव्हा कुठे ‘आगाऊ’ मान उघडण्याला नैतिक बळ मिळाले. त्याआधी गाठ नसलेल्या माणसाचा खांदा निकामी करणे कुणाच्याही जिवावर येणारच.

खरा वाद इथून सुरू होतो. गाठ लागत नसलेल्या दहा जणांपैकी साधारण तिघांच्या मानेत सूक्ष्म प्रसार असतो, हे ठाऊक होते. म्हणजे सर्वांची मान आगाऊ उघडली तर सात जणांना विनाकारण चिरावे लागते. न उघडता वाट पाहिली तर तिघांची गाठ पुढे वर येते, आणि तेव्हा ती हाती लागेल की नाही हा जुगार. याची कसोटी घेणाऱ्या चाचण्या झाल्या, पण इवल्या इवल्या. १९८० साली फ्रान्समध्ये ७५ रुग्ण, १९८९ साली मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ७०, १९९४ साली ब्राझीलमध्ये ६७, २००९ साली हाँगकाँगमध्ये ७१. चार देश, तीस वर्षे आणि एकूण २८३ माणसे. एकीने आगाऊच्या बाजूने कौल दिला, बाकीच्यांत फरक सिद्ध झाला नाही. परळच्या १९८९च्या चाचणीतून एक गोष्ट मात्र हाती लागली: चट्टा किती रुंद यापेक्षा तो किती खोल, यावर मानेचे भवितव्य जास्त ठरते.

मधल्या काळात, १९९४ साली, अमेरिकेत कुणीतरी निर्णयवृक्ष, म्हणजे प्रत्येक पर्यायाची फांदी पाडून तिचा संभाव्य परिणाम मोजणारा तक्ता, मांडून गणित केले आणि सांगितले की लपलेल्या प्रसाराची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल तर मान उघडा, कमी असेल तर थांबा. हा आकडा कागदावरच्या गृहीतकांतून आलेला होता, पण पुढची वीस वर्षे तो जगभर पाठांतरासारखा म्हटला गेला. तोंडी परीक्षेत ‘वीस टक्के’ म्हटले की परीक्षक मान डोलावत. मला या आकड्याचा राग नाही. पण रुग्णांवर चाचणी न करता नियम कसा रूढ होतो, याचा तो नमुना आहे.

२००४ साली परळलाच मोठी चाचणी सुरू झाली. अट अशी होती, की कॅन्सर लहान असावा, मानेत गाठ नसावी आणि चट्टा तोंडातूनच काढता यावा. चिठ्ठी पडेल तसे निम्म्यांची मान त्याच वेळी उघडायची, उरलेल्यांची गाठ आली तरच. वाट पाहणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी तपासणी, मग हळूहळू अंतर वाढवत. ठरवले होते ७१० रुग्णांचे. ५९६ जण दाखल झाले असताना, पहिल्या ५०० जणांचे आकडे पाहून देखरेख समितीने चाचणी थांबवली. २०१५ साली निकाल जाहीर झाला. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण आगाऊ गटात ८० टक्के, मागाहून गटात ६७.५ टक्के. रोग न उलटता जगलेले ६९.५ विरुद्ध ४५.९ टक्के. दर आठ आगाऊ शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू टळतो, असा तो हिशेब.

यावर आक्षेप आले. एक, चाचणी मध्येच थांबवली की फायदा फुगून दिसतो. हे तत्त्वतः खरे आहे, आणि पाठपुराव्याचा मध्यांकही ३९ महिन्यांचाच होता. पण तोंडाचा कॅन्सर उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, त्यामुळे हा आक्षेप इथे फार टोचत नाही. दुसरा आक्षेप पाश्चात्त्य शल्यविशारदांचा: भारतातले रुग्ण तपासणीला वेळेवर येत नाहीत, म्हणून ‘वाट पाहणे’ हरले. आमच्याकडे चांगल्या सोनोग्राफीने गाठ लवकर पकडली असती, असे त्यांचे म्हणणे. यात माहितीपेक्षा पूर्वग्रह जास्त होता, असे माझे मत. दर महिन्याला तपासणी होऊनही मागाहून गटातल्या बहुतेक पुनरावृत्ती मानेतच झाल्या, आणि गाठ सापडली तेव्हा रोग अनेकदा ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आलेला होता. अडचण रुग्णाच्या एसटीची नव्हती, रोगाच्या वेगाची होती.

तिसऱ्या आक्षेपाची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालीच नाही. चाचणीतले ८५ टक्के रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते. महाराष्ट्रात तंबाखूची गोळी, मावा, गुटखा गालात धरून बसणाऱ्यांचा कॅन्सर गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत होतो. २०१२च्या गुटखाबंदीनंतरही वॉर्डात हेच रुग्ण दिसतात. ते चाचणीत फारसे आले नाहीत, कारण त्यांचा कॅन्सर नुसत्या तोंडातून निघत नाही. जबडा कापायला आणि भोक बुजवायला मांस आणायचे तर मान उघडावीच लागते, मग आगाऊ की मागाहून हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे जो निकाल ‘भारतीय तोंडाच्या कॅन्सरचा’ म्हणून गाजला, तो मुख्यतः जिभेचा होता. आणि त्यातही खोली तीन मिलिमीटर किंवा कमी असेल तिथे फायदा स्पष्ट दिसला नाही. तीनवरून चार मिलिमीटरवर गेले की ग्रंथीत रोग सापडण्याचे प्रमाण ५.६ वरून १६.९ टक्क्यांवर जाते. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो, म्हणून तर कॅन्सरच्या टप्प्यांच्या नव्या वर्गीकरणात लांबी-रुंदीच्या जोडीला खोली आली.

आता काखेकडे पाहिले की गोंधळायला होते, कारण तिथे इतिहास उलट दिशेने गेला. १९७१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या चाचणीत काख न उघडता नुसता स्तन काढलेल्या ३६५ बायकांपैकी ६८ जणींच्याच काखेत पुढे गाठ आली, म्हणजे १८.६ टक्के. काख उघडलेल्या गटात मात्र सुमारे ४० टक्के जणींच्या ग्रंथींत रोग सापडला होता. निम्म्याहून जास्त लपलेला रोग वर आलाच नाही, आणि २५ वर्षांनीही जगण्यात फरक पडला नाही. पुढे दुसऱ्या चाचणीत तर पहारेकरी ग्रंथीत, म्हणजे रोग सर्वांत आधी जिथे पोचेल त्या ग्रंथीत, रोग सापडूनही काहीजणींची उरलेली काख तशीच सोडली. दहा वर्षांनी काख सोडलेल्यांपैकी ८६.३ टक्के आणि काढलेल्यांपैकी ८३.६ टक्के जिवंत होत्या. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचेही २०१७ साली तसेच निघाले.

मग ग्रंथी काढल्याने जीव वाचतो की नाही? प्रश्न असा सरसकट विचारला की उत्तर चुकते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये जीव बहुधा दूरच्या अवयवांत गेलेला रोग घेतो, आणि काखेत उरलेल्या पेशींवर किरण आणि औषधे काम करतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये माणूस बऱ्याचदा मानेतल्या गाठीनेच दगावतो. ती गाठ मोठ्या धमनीला चिकटली की पुढे करण्यासारखे फार थोडे उरते. काखेत दुसरी संधी मिळते, मानेत ती क्वचित मिळते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दोन शल्यविशारदांना हे एकच यंत्र वाटले होते.

शस्त्रक्रिया ‘झाली’ म्हणजे किती झाली, हेही पुरते सुटलेले नाही. आगाऊ शस्त्रक्रियेत १८ पेक्षा कमी ग्रंथी निघाल्या तर रुग्ण कमी जगतात, असे २०११ नंतरच्या काही आकडेवारीत दिसले आणि त्याचा लगेच मापदंड झाला. ज्याने ग्रंथी शोधून मोजण्याचे काम पॅथॉलॉजीच्या टेबलावर केले आहे त्याला यातली मेख कळते. फॉर्मलिनमधून काढलेला मानेचा तुकडा बोर्डावर टाचण्यांनी ताणून लावलेला असतो, कप्पा एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या लावून. पिवळट चरबी बोटांत चुरडत जायचे. मुगाएवढा दाणा लागला की बाजूला ठेवायचा, वालाएवढा असेल तर मधोमध चिरायचा. कॅन्सर असला तर आत पांढुरकी, सुरीला कचकच लागणारी जागा दिसते. खव्यासारखा भुगा निघाला तर तो बहुधा क्षय, आणि आपल्याकडे तो निघतो. संध्याकाळी सातला तिसरा नमुना हाती असेल तर मुगाएवढे दाणे निसटतात. त्या १८ मध्ये शल्यविशारदाचा हात किती आणि चरबी चुरडणाऱ्याचा किती, हे आकड्यात दिसत नाही.

आता मानेतही पहारेकरी ग्रंथीचा मार्ग आला आहे. चट्ट्याभोवती किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो ज्या ग्रंथीत आधी जाईल तेवढीच काढायची, तीत रोग निघाला तरच मान उघडायची. फ्रान्समधल्या २०२०च्या आणि जपानमधल्या २०२१च्या चाचण्यांत हा मार्ग आगाऊ शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडला नाही आणि सुरुवातीच्या महिन्यांत खांद्याला त्रास कमी झाला. म्हणजे विनाकारण चिरल्या जाणाऱ्या त्या सात जणांना सोडवण्याची वाट निघाली आहे. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, गॅमा प्रोब (किरणोत्सार टिपणारी कांडी) आणि ग्रंथीचे अगदी पातळ काप तपासणारा पॅथॉलॉजिस्ट, तिन्ही एका छताखाली लागतात. काखेसाठी परळच्या शल्यविशारदांनी रंग आणि किरणोत्सारी द्रवाचा खर्च टाळून काखेच्या तळची चरबी ग्रंथींसकट काढून तपासण्याची स्वस्त तोड शोधली होती. पहारेकरी ग्रंथी त्या तळातच बसते, म्हणून ती चालली. जिभेचा निचरा इतका सरळ नाही. तो मध्यरेषेपलीकडे दुसऱ्या बाजूलाही जातो आणि कधी वरचे कप्पे ओलांडून थेट खालच्या कप्प्यात उतरतो. त्यामुळे गॅमा प्रोब नसलेल्या जिल्ह्याच्या गावी जिभेचा चार मिलिमीटरचा चट्टा आला, तर आजही त्याच वेळी मान उघडली जाते, आणि संमतीपत्रात त्या ओळीपुढे ‘ऐच्छिक’ लिहिलेले असते.